टायरातले गोटे

ऐंशीच्या दशकात आमच्या सावरगावात जुन्या टायरचं करायचं काय, हा प्रश्न कुणाला पडत नसे. चपलांचे तळ कापायचे, उरलेलं होळीत टाकायचं. त्यामुळे बाबा नागपूर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकचे झिजलेले टायर बंडीत भरून आणू लागले, तेव्हा अख्ख्या गावाची करमणूक झाली.

"काहो, ट्रक घेऊन राहिले का? चाकं तं आली!" लोक विचारत. बाबा हसून बैल हाकत. मला मात्र राग यायचा. त्या वयात मला सगळ्याचाच यायचा म्हणा.

बाबांना टायर हवे होते विहिरीसाठी. जाम नदीला मिळण्याआधी नाला आमच्या शेताशी वळतो, आणि दर पावसाळ्यात तिथला काठ खातो. खात खात तो विहिरीपर्यंत आला होता. मध्ये जेमतेम बंडी वळेल एवढी जमीन उरली होती. विहीर ढासळली की संत्र्याचा बगीचा वाळला. आणि बगीचा होता आईचा. नदीपल्याडचं पांढुर्णा तिचं माहेर. तिथून मामाने स्वतःच्या बंडीत रोपं आणून दिली होती, ती तिने लेकरांसारखी वाढवली. आमच्यापेक्षा जास्त लाड केले, असं मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते.

बाबांनी काठाला पायऱ्यांसारखे टप्पे खोदले. टायर आडवे ठेवून तारेने एकमेकांना बांधले, विटांचे थर देतात तसा वरचा टायर खालच्या दोघांच्या जोडावर बसवला आणि प्रत्येकाच्या पोटात नदीतले गोल गोटे ठासले. उन्हाळाभर आम्ही सगळे गोटे वेचत होतो. पहिला पाऊस भिंतीने झेलला. चेष्टा करणारेच मग येऊन तार कशी बांधली ते बघून जाऊ लागले. बाबांची छाती फुगली.

त्या फुगलेल्या छातीच्या भरात ते एक गोष्ट विसरले. पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. नदीच्या पात्रात झेंडा लावलेलं पळसाचं झाड, या काठावर सावरगाव, त्या काठावर पांढुर्णा आणि मध्ये दगडांचा पाऊस. अशा गावात हाताच्या मापाचे निवडक गोटे उघड्यावर रचून ठेवणं, ही अक्कल फक्त आमच्या घराची.

पोळ्याला बैलांना सुटी, म्हणून शेताकडे कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले तर वरचे सगळे टायर रिकामे! गोटे कुठे गेले, हे विचारायची गरज नव्हती. नदीवरून हाकाट्या ऐकू येतच होत्या.

"विहीर जाईन न वं आता," बाबा आईला म्हणाले.

"माहा भाऊ त्या काठावर हाये," आई एवढंच म्हणाली आणि अंगणात बसून राहिली.

संध्याकाळी निरोप आला, मामाचं डोकं फुटलं. आम्ही नदी ओलांडून गेलो. मामा कपाळाला पट्टी बांधून खाटेवर बसला होता आणि चहा पीत होता. गोटमार संपली की वैर संपतं, अशीच आमच्याकडची रीत. आई त्याला पाहून हमसून रडली. बाबा खाली मान घालून म्हणाले, "भाऊ, गोटे आमच्या टायरातले होते."

"मंग काय, जावयाकडून आहेर मिळाला म्हणायचा," मामा म्हणाला आणि हसता हसता कपाळ धरून बसला.

दुसऱ्या दिवशी तोच बंडी जुंपून हजर. गोटमारीत फेकलेले, नदीत पडलेले गोटे भरून आणले होते. त्याची पट्टी पाहून सावरगावचे गडीही ओशाळले आणि बंड्या घेऊन आले. आभाळ काळंभोर झालं होतं. गोटे भरायचे तर लगेच भरायला हवे होते, पण आईने ते अडवले. विहिरीतून पाणी शेंदून तिने एकेक गोटा धुवायला घेतला.

"अवं बाई, पाणी येऊन राहिलं! धुतेस काहून?" मामा ओरडला. बाबा चिडले. गडी एकमेकांकडे पाहू लागले. आई हटली नाही. शेवटी बाकीच्या बायकाही तिच्या शेजारी धुवायला बसल्या आणि शेवटचा टायर पावसातच भरला.

रात्री नाल्याला पूर आला. सकाळी वरच्या थरावर गाळ बसला होता, पण विहीर जागच्या जागी होती. बाबांनी त्या गाळात कुठेही फोफावणाऱ्या बेशरमाच्या झुडपाच्या फांद्या खोचल्या. पुढच्या पोळ्यापर्यंत त्या अशा माजल्या की गोटे कुणाच्या नजरेलाच पडले नाहीत.

त्या हिवाळ्यात संत्र्याची पहिली टोपली पांढुर्ण्याला गेली. टोपली भरताना मी आईला विचारलं, एवढ्या घाईत ते गोटे का धुतलेस? तिने वर पाहिलंही नाही.

"त्याले लागला तो कोणता, हे मले कसं समजावं?" ती म्हणाली. "म्हणून सगळेच धुतले."