मागच्या बोळातला स्लॅब

स्लॅब म्हटला की माणसं मान वर करून बघतात. माझा स्लॅब बघायचा तर मान खाली घालावी लागते. तो जमिनीवर आहे, घराच्या मागच्या बोळात, आणि त्याच्यावर काहीही उभं नाही. तरी मी आज या घरात राहते ती त्याच्याच जोरावर.

आमच्या मानवतची काळी माती कापसाला सोनं आणि घराला सवत. उन्हाळ्यात ती इतकी फाटते की भेगेत किल्ली पडली तर सरळ कुलूप बदलावं, किल्ली शोधत बसू नये. पाऊस लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि वरचं घर उचलते. माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला अशीच भेग पडली होती. आधी तिच्यात उदबत्तीची काडी जायची, मग पेन्सिल जायला लागली. एका वर्षी माझी करंगळी गेली, आणि ही गंमत मी फोनवर मुलाला सांगून बसले.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, येत्या पावसाळ्यात भिंत आणखी हलली तर तू इकडे यायचं, यावर चर्चा नाही. मग त्याने मोबाइलवर वाचलेलं मला ऐकवलं, की बर्फाच्या देशात जमीन गोठून फुगते आणि घरं उचलते, म्हणून तिथले लोक स्लॅबच्या खाली काय काय घालतात. मी म्हटलं, आपल्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात असतो, पण खोड जमिनीची तीच दिसते. त्यावरून त्याला वाटलं मी विषय टाळते आहे. टाळतच होते.

सून चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे लगेच तर्क लढवतात. पण पुण्यात मी पाहुणी असते, आणि पाहुणीला कंटाळा आला असं म्हणायची सोय नसते. दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकायचा आणि संध्याकाळी सगळे आले की हसायचं. इथंही मी एकटीच आहे. हे गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही. वाचनालयातली नोकरी होती तोवर चार माणसं पुस्तकाच्या निमित्ताने बोलायची, तेही संपलं. पण इथलं एकटेपण माझ्या मापानं शिवलेल्या पोलक्यासारखं अंगाला बसलेलं आहे. ते उतरवून दुसऱ्याचं घालायला मी तयार नव्हते.

मिस्तरी आला, भेगेत त्याने आपलंही बोट घातलं आणि मागच्या बोळाकडे बघितलं. पावसाचं पाणी त्या बोळात मुरतं आणि पायाखालची माती फुगते, असं त्याचं म्हणणं. काळी माती उकरून काढायची, मुरूम भरून धुम्मसानं ठोकायचा, वर दगडांचं सोलिंग, मग सळया बांधून स्लॅब. त्याला असा उतार द्यायचा की पाणी थेट नालीत गेलं पाहिजे.

बोळ म्हणजे काय, तेही सांगायला हवं. माझं घर आणि माझ्या धाकट्या दिरांचं घर पाठीला पाठ लावून आहेत, मधे हा बोळ. दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरावं एवढीच रुंदी. एका टोकाला व्यापाऱ्याच्या गोदामाची भिंत, दुसऱ्या टोकाला नालीसाठी भोक. बाहेरून वाटच नाही. बोळात यायचं तर माझ्या नाहीतर त्यांच्या स्वयंपाकघरातून. कधीकाळी हे एकच घर होतं. वाटणी झाली तेव्हा मोरीचं पाणी कुणाच्या बाजूनं काढायचं यावरून दोघे भाऊ असे भांडले की बोलणंच तुटलं. भावजींनी त्यांच्या मागच्या दाराला आतून कडी घातली, यांनी बाहेरून त्या दाराला सरपण रचलं. हे वारले तेव्हा भावजी पुढच्या दारानं आले, हात जोडून उभे राहिले आणि परत गेले. त्यांची बायको वारली तेव्हा मीही तशीच जाऊन आले. त्यांची मुलगी नांदेडला दिलेली. म्हणजे भिंतीच्या अलीकडे एक माणूस आणि पलीकडे एक, आणि मधे सरपण.

अर्धा बोळ त्यांचा होता, म्हणून विचारणं भाग होतं. मी गेले नाही, मिस्तरीला वळसा घालून पाठवलं. त्यांचा निरोप आला, करा म्हणावं, माझं काही न्हाई.

जेसीबी तर सोडाच, ढकलगाडीही तिथं वळत नव्हती. दोन्ही घरांच्या पायाला लागून खोदायचं, म्हणून मिस्तरीनं सलग चर घेतला नाही. एक तुकडा खोदायचा, त्यात मुरूम ठोकायचा, शेजारचा तुकडा तसाच सोडून पुढचा घ्यायचा. काढलेली माती टोपल्या-टोपल्यानं माझ्या स्वयंपाकघरातून, माजघरातून, पुढच्या खोलीतून रस्त्यावर. मी वाटभर गोणपाट अंथरले. बायका डोक्यावर टोपली घेऊन देवघरापुढून जायच्या आणि जाता जाता देवाला मान झुकवायच्या, म्हणजे टोपलीही झुकायची आणि देवापुढे माती सांडायची. मी आपली ओरडायची. खरं सांगते, मला ते दिवस फार आवडले. घरात माणसांचा राबता होता, कुणी पाणी मागत होतं, कुणी माझ्या फडताळाकडे बघून एवढी पुस्तकं वाचून काय मिळालं म्हणून विचारत होतं.

सळया बांधून झाल्यावर मिस्तरीनं पातळीची दोरी ताणली. भावजींच्या दारापाशी तो थांबला. सरपण काढल्यामुळे ते दार उघडं पडलं होतं, फळ्या काळ्या पडलेल्या.

"ह्ये दार वापरात हाय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "माझ्या उंबरठ्यावरनं पातळी धर."

आमच्या गल्लीतली सगळी दारं आत उघडतात. तेवढं एक बाहेर उघडायचं, कारण त्याच्या आतल्या बाजूला सासूबाईंची चूल होती. नवी नवरी होते तेव्हा दोन्ही हातांत भांडी घेऊन ते दार मी कमरेनं ढकलून उघडलंय, दिवसातून कितीदा तरी. आणि ऐन वेळेला माझ्या ते ध्यानातच आलं नाही. जे दार उघडायचंच नाही ते कुठल्या बाजूला उघडतं याचा विचार कोण करतं?

स्लॅबच्या दिवशी कामावरच्या माणसांना घरधन्यानं गोडाचं जेवण घालायचं, ही आमच्याकडची रीत. मी पहाटेपासून लागले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि गुळाचा शिरा. इतक्या माणसांचा स्वयंपाक करायची सवय मोडलेली, शिऱ्याला पाणी कमी पडलं आणि तो घट्ट झाला. बाहेर मिक्सर घरघरत होता, माल टोपल्यांतून हातोहात घरातून मागं चालला होता. दुपारी स्लॅब ओढून गुळगुळीत झाला आणि सगळे माझ्या पुढच्या खोलीत पंगतीला बसले. ती पंगत बघून मला भरून आलं. तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, मी एक ताट वाढलं, वर दुसरं झाकलं आणि एका बाईच्या हाती वळशानं भावजींकडे पाठवलं. ती परत येऊन म्हणाली, घेतलं.

संध्याकाळी सगळे गेले. गोणपाट गुंडाळून ठेवले, फरशी पुसली, आणि मग घरात इतकं शांत झालं की मी मुद्दाम भांडी आपटून घासली. उजेड अजून होता. मी मागच्या दारात उभी राहून ओला स्लॅब बघत होते. समोरच्या दाराच्या आत गंजलेली कडी ओढल्याचा आवाज आला. फळी जराशी हलली आणि खाली अडकली. पुन्हा हलली, पुन्हा अडकली.

"वैनी," आतून आवाज आला, "दार उघडंना."

तो आवाज इतक्या वर्षांनी मला हाक मारत होता, आणि मी खाली बघत होते. स्लॅब त्या दाराच्या खालच्या कडेपेक्षा चार बोटं वर आला होता. मला सगळं एकदम कळलं. मी म्हणाले, शिमिट आडवं आलंय, भावजी, मिस्तरी नाक्यावर चहा पीत असेल, त्याला हाक मारते, ओलं आहे तोवर थापीनं निघेल.

"नका," ते म्हणाले. "आता कोरलं तर तिथूनच भेग धरंल. ऱ्हाऊ द्या." मग म्हणाले, "ताट द्यायचं व्हतं तुमचं."

आमच्यात आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. त्यांनी काय घातलं होतं मला दिसलं नाही. राहू द्या तुमच्याकडं, एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्तरीनं स्लॅबवर मातीची आळी करून दिली आणि त्यांत पाणी भरलेलं ठेवायला सांगितलं. उन्हाचे दिवस, सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. सकाळी मी आळी भरत असताना दारामागून आवाज आला, "वैनी, पाणी मारलं का?" मी म्हणाले, मारायलेय. संध्याकाळी पुन्हा तेच. मग रोज. हळूहळू पाण्याच्या पुढचंही बोलणं निघालं. त्यांचा गुडघा, माझी साखर, आज काय केलं जेवायला. शिरा लय घट्ट झाला व्हता, असंही एकदा सांगून टाकलं. ताटाचा विषय निघाला की ते म्हणायचे, माझ्याकडंच हाय, आणि मी म्हणायचे, असू द्या.

वळसा घालून मला जाता आलं असतं. त्यांनाही येता आलं असतं. पण पुढच्या दारानं गेलं की पाहुणं व्हावं लागतं. चपला काढा, बसा, चहा घ्या, आणि गल्लीनं बघत राहावं, हे आज कसे आले. मागच्या दारी तसलं काही लागत नव्हतं. मिस्तरी म्हणाला आता पाणी पुरे, तरी मी मारत राहिले. भावजींनी वाटणीनंतर स्वतःच्या घरावर स्लॅब घातलेला, स्लॅबला किती दिवस पाणी लागतं ते त्यांना ठाऊक नसेल असं नाही. तेही विचारत राहिले.

पावसाळा चांगला झाला. पाणी स्लॅबवरून वाहत नालीत जायचं. "पाणी मारलं का?" असं ते भर पावसातही विचारायचे, आणि मी सांगायचे, आज देवानं मारलं. आतून हसल्याचा आवाज यायचा. भेग करंगळीएवढीच राहिली. दिवाळीला मुलगा आला, त्यानं भेगेत बोट घातलं, स्लॅबवर टाच आपटून बघितली आणि म्हणाला, राहा मग. मी जिंकले होते. संध्याकाळी ही बातमी मी बंद दाराला सांगितली.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी त्यांनी पाण्याचं विचारलं नाही. म्हणाले, लेक न्यायला आलीय, मोरीत पडलो व्हतो, तुमाला बोललो न्हाई, आज दुपारी निघायचं.

मी पदर खोचला आणि मिस्तरीला घरून उठवून आणलं. म्हटलं, दार पूर्ण उघडेल एवढं फोड. तो म्हणाला, एवढं कोरलं तर सळया उघड्या पडतील, सगळं पाणी आत जाईल. मी म्हटलं, फोड. छिन्नीचे घाव पडायला लागले. दार हलकेच सुटलं, वीतभर उघडलं, आणि आतून भावजी म्हणाले, थांबव रे.

"अजून फोडायचंय," मी म्हणाले.

"नका, वैनी. भेग पडली की तुमालाबी जावं लागंल. मग ह्या बोळात कोन ऱ्हाईल?"

मिस्तरीनं माझ्याकडे बघितलं आणि छिन्नी खाली ठेवली. फटीतून माझं ताट उभं करून बाहेर आलं. त्यामागून मूठ आली, मी पदर पुढं केला, आणि त्यात गूळ आणि शेंगदाणे पडले. तो हात अगदी यांच्या हातासारखा होता. तीच वाकडी करंगळी. मला रडू आवरेना, आणि मिस्तरी बिचारा गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ह्या बाजूची कडी आता घालीत न्हाई, असं काहीतरी भावजी म्हणाले. पदरात गूळ-शेंगदाणे धरून मी तिथंच उभी राहिले. पलीकडच्या गल्लीत रिक्षा सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला.

कोरलेली जागा मिस्तरीनं सिमेंट लावून नीट केली. बाकी स्लॅब अभंग आहे. मुलगा फोनवर भेगेची चौकशी करतो आणि मी सांगते, आहे तशीच आहे. सकाळी भांडी झाली की एक बादली मी स्लॅबवर ओतते. त्याला आता पाण्याची गरज नाही, हे मला कुणी सांगायला नको. पाणी नालीकडे वाहून गेलं की समोरच्या दाराकडे बघून मी म्हणते, मारलं, भावजी. मग आत येते.