साडेसहाची शर्यत

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सोलापूरच्या एका कॉलेजात मी फिजिकल डायरेक्टर होतो. पद ऐकायला मोठं. काम म्हणजे मैदानावर फक्कीनं रेघा आखणं, संघांच्या याद्या विद्यापीठाला पाठवणं, चेंडू-जाळ्या सांभाळणं आणि प्राचार्यांनी बोलावलं की धावत जाणं. दुष्काळाचे दिवस होते. पाऊस झालाच नव्हता, त्यामुळे ऑक्टोबरातही मे महिन्यासारखं तापायचं.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीचं यजमानपद आमच्याकडे आलं. बारा किलोमीटरची धाव, विजापूर रस्त्यानं जाऊन माळावरून परत. मार्ग मी स्वतः सायकलवरून आखला, तीन ठिकाणी पाण्याची पिंपं ठेवली. वेळ ठरवली सकाळी साडेसहाची.

साडेसहाला चाळीसेक मुलं रेषेवर उभी राहिली. निशाण दाखवायला संस्थेचे एक पदाधिकारी यायचे होते. ते आले नाहीत. प्राचार्यांनी निरोप पाठवला, "निघालेत, थांबा." आम्ही थांबलो. आठ वाजले, नऊ वाजले. मुलांच्या पोटात सकाळचं एकेक केळं होतं. मैदानावरचं पाणी संपलं तसं मी वाटेवरची दोन पिंपं परत आणवली. ती पुन्हा भरून ठेवायला टँकर कुठून आणणार होतो?

आमच्या संघात मैंदर्गीचा एक मुलगा होता, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. घरी कोरडवाहू जमीन आणि थोडी मेंढरं. अनवाणी पळायचा आणि शेवटच्या दोन मैलांत सगळ्यांना मागे टाकायचा. दहाच्या सुमारास तो माझ्याजवळ आला.

"सर, लई ऊन झालं की. उद्या ठिवता येत न्हाय का?"

"बाहेरगावचे संघ आलेत, त्यांना कुठं ठेवू? सावलीत बस जा," मी म्हणालो.

पाहुणे पावणेअकराला आले. हार झाला, भाषण झालं. पाहुण्यांनी निशाण उचललं तेव्हा जमिनीवर पाय ठेववत नव्हता. ही धाव आता सुरू करू नये, हे मला कळत होतं. मी शिट्टी फुंकली.

मैंदर्गीचा तो मुलगा माळावर पडला, परतीच्या वाटेवर, जिथलं पिंप मी हलवलं होतं त्याच्या थोडं पुढे. मागून येणाऱ्या मुलांनी त्याला उचलून रस्त्यावर आणलं. मी टेंपो थांबवला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. तो काहीतरी कानडीत बोलत होता. मला कानडी येत नाही. दवाखान्यात तासाभरात त्याचा जीव गेला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"मुलाला दोन दिवस ताप होता," ते म्हणाले. "त्यानं तुमच्यापासून लपवलं आणि पळाला. अहवालात तसं लिहा."

"सर, ताप नव्हता त्याला."

"शिट्टी कोणी फुंकली? पिंपं कोणी हलवली? हे लिहू का मी?"

माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, नोकरी कायम व्हायची होती. पण ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी फक्त भीती होती. त्यांच्याच टेबलाशी बसून, माझ्या हस्ताक्षरात मी तो अहवाल लिहिला. त्याची एक प्रत मुलाच्या घरी गेली.

दोन महिने मी रोज मैदानावर जात राहिलो. मग एका रविवारी बायकोला काही न सांगता अक्कलकोटची एसटी धरली, तिथून मैंदर्गी. मुलाचे वडील दारातच भेटले. बारीक अंगाचा, खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं.

मी म्हणालो, "त्याला ताप नव्हता. उशीर आमच्यामुळं झाला. त्यानं मला सांगितलं होतं, ऊन झालंय म्हणून. मी ऐकलं नाही."

त्यांनी विचारलं, "मग कागदावर तसं का लिवलं?"

"नोकरी जाईल म्हणून."

मला वाटलं, ते अंगावर धावून येतील. ते उठले आणि म्हणाले, "आत चला. हे तिला सांगा. त्यो शर्यतीच्या दोन दिस आदी घरी आलता. कागद ऐकल्यापास्नं ती म्हणती, पोराचं अंग गरम व्हतं, मीच बगितलं न्हाय, तसंच धाडलं. दोन महिनं हेच चाललंय. धड जेवत न्हाय."

आईला मराठी नीट येत नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती. मी एकेक वाक्य बोलायचो, ते कानडीत सांगायचे. पिंपांचंही सांगितलं, शिट्टीचंही. ऐकून झाल्यावर ती काहीतरी बोलली, बराच वेळ, आवाज न चढवता. मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमाला सांगण्यासारकं न्हाय."

सोलापूरला येऊन मी दुसरा अहवाल लिहिला, खरा. एक प्रत प्राचार्यांना, एक विद्यापीठाला, एक मैंदर्गीला. प्राचार्य म्हणाले, "हा कागद आलाच नाही असं मी समजतो." विद्यापीठाकडून पोच आली, पुढे काही नाही. माझी कायम होण्याची फाईल दोन वर्षं अडली. पाहुण्यांना कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

महिन्याभरानं मुलाचे वडील कॉलेजात आले. जिमखान्याच्या दारात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"कागद मिळाला," ते म्हणाले. "मास्तरांकडनं तिला वाचून दावला. आता जेवती."

"बरं झालं."

"व्हय." मग म्हणाले, "तुमी मात्र आता मैंदर्गीला येऊ नका. तुमास्नी बगितलं की तिला सोसायचं न्हाय. आन् मलाबी."

मी मान हलवली. ते बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले. मैदानावर कबड्डीची मुलं माझी वाट बघत होती. मी त्यांच्याकडे गेलो आणि सराव सुरू केला.