विहिरीत उतरवलेलं स्ट्रेचर

धुळ्याला देवपुरात प्रथमोपचाराचं तीन दिवसांचं शिबिर होतं. आमच्या जिनिंग कारखान्याने मला पाठवलं, कारण माझ्यावाचून तिथलं काही अडत नव्हतं. शिबिरात सगळ्यांत हलका मीच, त्यामुळे तिन्ही दिवस जखमी मीच झालो. मला बांधलं, उचललं, जिन्यावरून उतरवलं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. मी नुसता झोपून होतो असं त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि घरी मीही ते सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या स्ट्रेचरचं कापड उसवलं. फैजपूरला ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून ते शिवून घेतलं आणि रविवारी ते घेऊन परतताना वाटेत काकांच्या मळ्यात थांबलो. काकांना आम्ही आबा म्हणायचो. दुपारी जेवताना मी आबांना स्ट्रेचरची महती सांगत होतो, तेवढ्यात विहिरीतून ओरडणं ऐकू आलं.

पाणी खोल गेलं म्हणून आबांनी विहिरीत निम्म्यावर ओटा बांधून डिझेल इंजिन बसवलं होतं. चुलतभाऊ ते बंद करायला उतरला होता. इंजिन बंद केलं, पण धुराने भोवळ येऊन तो चढताना पायऱ्यांवरून परत ओट्यावर पडला. मांडीपासून पाय भलतीकडे वळलेला वरूनही दिसत होता. धूर आत तसाच कोंडलेला.

"डोकं जड होऊन राह्यलं, आबा," तो खालून म्हणाला.

शेजारच्या बागेत ट्रकमध्ये केळीचे घड भरणारी माणसं धावत आली. कमरेला दोर बांधून ओढू, असं एक जण म्हणाला.

"तसं ओढाल तर पाय जाईल," मी म्हणालो. "स्ट्रेचर आहे ना."

सगळे बाजूला सरले. माझ्यासाठी कोणी बाजूला सरण्याची ती पहिलीच वेळ.

विहीर अरुंद, पायऱ्यांचे दगड भिंतीतून बाहेर आलेले. स्ट्रेचर उभंच ओढावं लागणार होतं, आणि उभं केलं की माणूस घसरतो. देवपुरात जिन्यावर मी असाच घसरून शिकवणाऱ्या मास्तरांच्या अंगावर गेलो होतो. त्यानंतर त्यांनी मला नीट बांधलं, पण कसं, ते मी पाहिलं नाही. मी छताकडे बघत होतो.

"बांध ना मंग," आबा म्हणाले.

दोर माझ्या हातात होता. आबांनी विहिरीत दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे एक हुंकार आला.

"मले बांधता येत नाही, आबा. तिथं मी नुसता झोपलो होतो."

आबांनी दोर माझ्या हातातून ओढून घेतला.

केळी भरणाऱ्यांचे मुकादम चाचा पुढे झाले. घडाला डाग लागू न देण्यात त्यांचा जन्म गेला होता. "मग झोपा, भाऊ," ते म्हणाले. "कुठं घसरतं ते सांगा. बांधतो मी."

मी झोपलो. त्यांनी मला बांधून कडुनिंबाला उभं टेकवलं. "काखेत काचतंय. खाली सरकतोय. जांघेतून घ्या," मी सांगत गेलो. ते दोर बदलत गेले आणि सैल जागी केळीचा वाळका पाला कोंबत गेले, घडांच्या मध्ये घालतात तसा. तोवर आबा दोराला निंबाची फांदी बांधून विहिरीत खालीवर करत होते, कोंडलेली हवा हलावी म्हणून.

मला सोडवून चाचा तोंडाला ओलं फडकं आणि कमरेला दोर बांधून उतरले. स्ट्रेचर आणि पाला मागोमाग सोडला. बऱ्याच वेळाने आवाज आला, "ओढा."

अर्ध्यावर स्ट्रेचरचा दांडा दगडाखाली अडकला. "ढील द्या," चाचा खालून म्हणाले. माझे हात दोर सोडायला तयार नव्हते. हातभर ढील दिली, स्ट्रेचर हेलकावलं आणि सुटलं.

भाऊ वर आला तो डोळे मिटून, पाल्यात गुंडाळलेला, जराही न घसरलेला. आबांनी गालावर चापट्या मारल्या. तिसऱ्या चापटीला तो खोकला आणि माझ्या शर्टावर ओकला.

"चाचा?" कोणीतरी म्हणालं.

आम्ही त्यांना विसरलोच होतो. दुसऱ्या दोराकडे सगळे धावलो. चाचा वर आले, डोकं धरून बसले, आणि म्हणाले, "त्याला सोडू नका. असाच न्या."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाल्यावर ठेवून तसाच जळगावला नेला. पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. मग दोर बघून त्यांनी विचारलं, "बांधलं कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "यानं नाही."