आतल्या पुठ्ठ्यावरचे कात्रण

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात नाचणगावच्या वाचनालयातून एका कादंबरीकाराची पुस्तके काढा, अशी मागणी वस्तीतल्या तरुणांनी केली. त्याने भाषणात धर्मांतराची टिंगल केली होती. ग्रंथपाल त्याच वस्तीतले, दीक्षा घेतलेले. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याच्या हातून पुस्तक काढून घेत. तरुण आले तेव्हा मी समोर वाचत बसलो होतो.

"काका, तो आपल्याले हसते, अन् तुमी त्याचे पुस्तकं जपून राह्यले?"

"राग मले बी आला, बापू. पन लिहिते चांगलं. दोन्ही गोष्टी लोकाले कळू दे."

"मंग तुमच्या पोरीच्या लग्नाले आमी येत नाई."

"नका येऊ."

ग्रंथपालांनी त्या भाषणाचे वर्तमानपत्रातले कात्रण त्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले. पुस्तके कपाटातच राहिली. लग्नाला वस्तीतली चारच घरे आली. दुसऱ्या दिवशी वाचनालय रोजच्यासारखे सकाळी सातला उघडले.