मामाने दिलेला सूट

मोटार शर्यतीच्या मैदानावर त्यांना सगळे शंकासूर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शर्यतीआधी प्रत्येक चालकाचं हेल्मेट, हातमोजे, आगीपासून वाचवणारा सूट तपासायचा आणि नकली निघालं ते बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. नकली माल हल्ली इतका बेमालूम बनतो म्हणून सांगू! शिक्का तोच, लेबल तेच. फरक कळतो तो आग लागल्यावर, आणि तेव्हा कळून उपयोग काय, कपाळ!

आज मात्र गृहस्थांच्या पायाला भिंगरी लागली होती. बसत, उठत, दारापर्यंत जाऊन परत येत. समोरचा चहा कधीच निवला होता. रांगेत हातात सूट घेऊन त्यांची स्वतःची लेक उभी होती. आजची शर्यत जिंकली की मोठ्या संघात तिची जागा पक्की. आणि सूट मामाने दिलेला, म्हणजे यांच्या मेव्हण्याने, 'खास मागवलाय' असं सांगून.

तिची पाळी आली. लेबल ठीक, शिवण ठीक. सोडून द्यायला काय हरकत होती? पण जीव थाऱ्यावर राहीना. त्यांनी पायाच्या दुमडीतून एक धागा ओढला, शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी, आणि बाहेर वाळूच्या बादलीपाशी नेऊन त्याला काडी लावली. अस्सल धागा काळा पडतो, वितळत नाही. हा वितळला आणि त्यांच्या बोटाला चिकटला.

सूट नापास झाला. मेव्हणा धावत आला, आपल्यालाच दुकानदाराने फसवलं म्हणून शपथा घेऊ लागला, मग भावोजी, आजच्या दिवस चालवून घ्या म्हणून गयावया करू लागला. शंकासुरांनी मान वर केली नाही. दुसरा सूट शोधायला वेळ नव्हता. गाड्या सुटल्या तेव्हा लेक बाकावर बसून होती. ते शेजारी जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले.

"बाबा, तुम्ही तर कुणालाच सोडत नाही," ती म्हणाली. "मग हा घरी आला तेव्हाच का नाही पाहिलात?"

"शंका तेव्हाच आली होती गं. पण तुझ्या आईच्या भावावर संशय घेतला असता, तर घरात महाभारत झालं असतं. म्हणून केला कानाडोळा."

तिने सूटच्या पायाची ती उसवलेली दुमड बोटाने चाचपली.

"सगळा सराव मी ह्याच्यातच केला, बाबा."