पुढची सीट

आमच्या गावाहून पाथरीला काळीपिवळी चालवणारे एक काका जीपमध्ये माणसं कोंबून भरतात, पण रविवारी पुढची, स्वतःशेजारची सीट रिकामी ठेवतात. कुणी टेकलं की खेकसतात, “उठा, पेशंट हाय!”

पेशंट म्हणजे माझे वडील. दारू सोडणाऱ्यांच्या रविवारच्या बैठकीचा पत्ता काकांनीच आम्हाला दिला, आणि नेण्याचं कामही स्वतःकडे घेतलं.

एका रविवारी वडील सकाळीच प्यायले. दाराशी जीप थांबली तरी उठेनात. “असा वास मारत कसा येऊ?” म्हणाले. मी काकांना ‘जा’ अशी खूण केली. ते उतरून आत आले.

“भाऊ, दवाखान्यात ताप असताना जातेत का उतरल्यावर?”

जीपमधली एक बाई नाकाला पदर लावून ओरडली, “बेवड्याला म्होरं अन् आमी मागं व्हय?”

काका दारात येऊन म्हणाले, “मावशे, मी बी बेवडाच हाय. आज पिलो न्हाई, एवढंच.”

 जीपमधली सगळी काकांची रोजची गिऱ्हाइकं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघं तर उतरून चालू लागले. काकांनी त्यांना थांबवलं नाही.

वडील खिडकीतून ते बघत होते. मग उठले आणि चपला शोधू लागले.