गाजराचा तुकडा

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत शेजारचे काका मासे सोडून दुसऱ्या कशालाच जेवण म्हणत नाहीत. बोलतात भांडल्यासारखे, आणि दार न वाजवता आत येतात.

आई गेली आणि तिचा पोपट माझ्याकडे राहिला. ती त्याला सूर्यफुलाच्या बिया आणि चहात बुडवलेलं बिस्कीट भरवायची. त्याचं वजन फार वाढलं होतं. डॉक्टरांनी बिया कमी करून गाजर, पालक, भिजवलेले मूग द्यायला सांगितलं. पोपट वाटीकडे पाठ फिरवून बसला. असाच उपाशी राहिला तर हाही जाईल, या धास्तीने मी पिंजऱ्यापाशी बसून असायचे. मी स्वतः तेव्हा नुसत्या चहावर होते.

एका सकाळी काका आले. वाटीतलं गाजर उचलून पिंजऱ्यासमोर मांडी घातली आणि तोंड वाकडं करत कराकरा चावू लागले. "बघ रे शाण्या, मीसुद्धा खातोय. तू काय लाटसाहेब?"

पोपटाने मान तिरकी करून पाहिलं. काकांनी एक तुकडा माझ्या हातात ठेवला. "खा गो बाय. घरातलं माणूस खाल्ल्याशिवाय तो नाय खायचा."

मी खाल्ला. बऱ्याच वेळाने पोपटानेही एक तुकडा पायात धरून कुरतडला.

आता तो सगळं खातो. काका तरीही रोज सकाळी येऊन ते नावडतं गाजर चावत बसतात. पिंजऱ्याकडे त्यांचं लक्षही नसतं. माझा तुकडा संपला की उठतात.